सात किलोमीटरचा रस्ता आणि बिननंबरची चारचाकी

वकीलसाहेबांना सा. न. वि. वि.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, उचगाव-बाचीच्या बाजूला. घरची दोन एकर जमीन इकडं आहे, त्यात भात आणि रताळी करतो. आईच्या माहेरकडून आलेली दीड एकर काजूची बाग शिनोळीच्या पुढं, म्हणजे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आहे. मधे सात किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटी पाणंद. वडिलांचे गुडघे गेलेत, मोटरसायकलवर त्यांना बसता येत नाही. म्हणून कोकणात बंद पडलेल्या एका रिसॉर्टची चार चाकांची बाईक, एटीव्ही म्हणतात ती, सव्वादोन लाखांत ठरवली. चाळीस हजार विसार दिलाय. मालक म्हणतो, ‘शेतीची गाडी आहे, पासिंग लागत नाही.’ इथला एक एजंट म्हणतो, ‘तीस हजार द्या, शिनोळीच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच नंबर पाडून देतो, कर्नाटकाचा टॅक्सही वाचेल.’ यूट्यूबवर बघितलं तर आरसे, इंडिकेटर आणि हॉर्न बसवला की गाडी रस्त्यावर चालते म्हणे. पुतण्या पंधरा वर्षांचा आहे, तो तर आत्ताच चालवायला टपलाय. पावसाळ्यात मित्रांबरोबर खानापूरच्या जंगलाकडं न्यायचाही बेत आहे. काय करू?

— एक वाचक, बेळगाव तालुका

स. न. वि. वि.

उरलेले एक लाख पंच्याऐंशी हजार अजून दिले नसतील तर देऊ नका. आधी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा, मग त्या मालकाला फोन करा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते मधलं सात किलोमीटर. गाडी फक्त दोन एकरांतच फिरवायची असती तर माझं उत्तर बरंच वेगळं आलं असतं. तुम्हाला ती घरून बागेत आणि बागेतून घरी न्यायची आहे, वडिलांना बसवून. म्हणजे ती रस्त्यावर येणार, आणि रस्त्यावर आली की मोटार वाहन कायदा १९८८ तिला लागू होतो. हा कायदा केंद्राचा आहे. बाचीच्या अलीकडं एक आणि शिनोळीच्या पलीकडं दुसरा असं त्यात काही नाही. दोन्ही राज्यांत वेगळा आहे तो कर. आपल्या भागात लोकांची सारखी गफलत होते ती इथंच. सीमा ओलांडली की नियम बदलतात असं आपण धरून चालतो, कारण पाटीवरची भाषा बदलते, एसटीचा रंग बदलतो. नोंदणीचं कलम मात्र बदलत नाही.

कलम ३९ म्हणतं की नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक जागी कुणी चालवू नये आणि मालकानंही चालवू देऊ नये. आता ‘शेतीच्या गाडीला पासिंग लागत नाही’ हे मालकाचं म्हणणं घ्या. तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरांकडं बघा. ट्रॅक्टरपेक्षा जास्त शेतीची गाडी कुठली असणार? तरी तो नंबर घेऊन फिरतो, आणि त्याच्या ट्रॉलीलासुद्धा वेगळी नोंदणी लागते. कायद्यानं मोटार वाहनाच्या व्याख्येतून जी वाहनं वगळली आहेत, त्यांत एक प्रकार आहे तो फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेल्या वाहनांचा. रिसॉर्टमधली एटीव्ही कुंपणाच्या आत, आखलेल्या वाटेवर फिरत होती, म्हणून तिला आजवर नंबर लागला नाही. मालकाला कदाचित हेच म्हणायचं असेल. पण तीच गाडी कुंपणाबाहेर आली की ती सवलत मागंच राहते.

आणि पाणंद. तुम्ही पत्रात ‘शेवटी पाणंद’ असं सहज लिहून गेलात, जणू तिथं पोचलं की सुटलो. कायद्यातली ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या कलम २(३४) मध्ये आहे. जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे तो रस्ता, गल्ली, वाट किंवा अशी कुठलीही जागा, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. डांबर असलं पाहिजे असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. पाणंदीवरून चार शेतकरी बैलगाड्या नेतात, बायका डोक्यावर भारे घेऊन येतात, पोरं शाळेला जातात. ती सार्वजनिक जागाच आहे. तिथं एखाद्या म्हातारीला धक्का लागला तर न्यायालयात ‘रस्ता नव्हता, पाणंद होती’ असं म्हणून सुटका व्हायची नाही. बांधाच्या आत, तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्याच्या किंवा पहाणीच्या (कर्नाटकातला सातबाराच) जमिनीत, जिथं इतरांचा वहिवाटीचा हक्क नाही, तेवढीच जागा सार्वजनिक नाही.

मग नोंदणी करून टाकू, असं तुम्ही म्हणाल. अडचण खरी तिथंच आहे. आपल्याकडं एखादी गाडी आरटीओकडं नेली आणि फी भरली की नंबर मिळतो असं होत नाही. त्याच्या कितीतरी आधी कंपनीनं किंवा आयात करणाऱ्यानं त्या मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेकडं तपासणीला द्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ मध्ये ही व्यवस्था आहे. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळं तपासून मंजुरी मिळाली की मग प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला, येतो. विक्रेता फॉर्म २१ देतो, खरेदीदार फॉर्म २० भरतो, आणि ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर ते मॉडेल सापडलं की नंबर पडतो. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक एटीव्हींना ही मंजुरीच नाही. त्या ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असं सांगूनच विकलेल्या असतात. मूळ बिलावर तसं छापलेलं असेल, बघा. मंजुरी नसलेल्या गाडीला बेळगावच्या आरटीओत नंबर मिळणार नाही आणि कोल्हापूरच्याही मिळणार नाही.

म्हणून तो तीस हजारवाला एजंट नेमकं काय विकतोय याची मला काळजी वाटते. पोर्टलवर जे मॉडेलच नाही, त्याला नंबर द्यायचा तर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा चेसिस नंबर चढवायला लागतो, किंवा नुसती आरसीच बनावट छापायला लागते. एजंट कुठल्यातरी दुकानाच्या कट्ट्यावर बसलेला असतो, आणि कागदावर सही तुमची असते. शिवाय पाहुण्यांचा पत्ता. कलम ४० नुसार नोंदणी करायची ती तुम्ही जिथं राहता किंवा जिथं तुमचा धंदा आहे आणि गाडी नेहमी जिथं उभी राहते त्या राज्यात. गाडी तुमच्या अंगणात उभी राहणार आणि पत्ता शिनोळीचा, म्हणजे खोटं निवेदन. आपल्या भागात एमएच-०९ आणि गोव्याच्या पाट्या कशा फिरतात ते मलाही दिसतं. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स जड आहे, ही लोकांची तक्रार खोटी नाही. पण दुसऱ्या राज्यात रीतसर नोंदलेली गाडीसुद्धा इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावाच लागतो. टॅक्स वाचवायला घेतलेला खोटा पत्ता वर्षभरच पुरेल, आणि खोट्या कागदाची जोखीम जन्मभर.

यूट्यूबचं सांगतो. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथं एटीव्हीची मालकी आणि नोंदणी ही त्या त्या राज्याची बाब आहे. ॲरिझोना, युटा अशा काही राज्यांत आरसे, इंडिकेटर, हॉर्न वगैरे बसवून एटीव्ही रस्त्यावर आणायची कायदेशीर सोय आहे. ते लोक खोटं बोलत नाहीत, त्यांच्या गावापुरतं ते खरं आहे. आपल्याकडं सामान बसवून मंजुरी तयार होत नाही. उलट नोंदणी झालेल्या गाडीतसुद्धा कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ च्या संदर्भात स्पष्ट केलं आहे. कुणी ‘क्वाड्रिसायकल म्हणून बसवतो’ असं म्हणालं तर त्यालाही भुलू नका. क्वाड्रिसायकल हा आपल्या कायद्यातला वेगळा वर्ग आहे. बजाज क्यूट त्यात येते. एटीव्हीला क्वाड बाईकही म्हणतात, नाव ऐकायला तसं आहे, एवढंच. आणि ‘बाईक’ या शब्दावरही जाऊ नका. कायद्यात मोटरसायकल म्हणजे दुचाकी. हँडल मोटरसायकलसारखं असलं तरी चार चाकांची गाडी मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता येत नाही.

एक वाट मात्र खरी आहे, ती तपासून बघा. पोलारिस कंपनीनं स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल भारतात कृषी ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून विकायला आणलं. नवी असताना तिची किंमत आठ लाखांच्या घरात होती. दिसायला ती इतर एटीव्हीसारखीच असते, पण कागदावर ती ट्रॅक्टर आहे, तिला नंबर मिळतो, विमा मिळतो आणि हलक्या मोटार वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या लायसन्सवर चालते, कारण साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टर त्या व्याख्येत येतो. सव्वादोन लाखांत रिसॉर्टवाल्याकडं असलेली गाडी तीच असेल असं मला वाटत नाही. तरी विचारायला पैसे लागत नाहीत. मालकाला एकच प्रश्न विचारा: आरसी आहे का? असेल तर नंबर घेऊन परिवहनच्या साइटवर स्वतः बघा. मालकाचं नाव, वाहनाचा वर्ग, चेसिस नंबर, कर्जाचा बोजा आणि विमा हे सगळं जुळलं पाहिजे. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर कापडानं पुसून, फोटो काढून आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून घ्या.

आरसी निघाली तर पुढचं काम लांबट आहे, पण सरळ आहे. महाराष्ट्रातल्या ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथून मालकानं फॉर्म २८ वर एनओसी काढायची. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरायचे. विकणाऱ्यानं दुसऱ्या राज्यात विकल्याचं ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. मग इथं टॅक्स भरून फॉर्म २७ वर केए-२२ चा नंबर मागायचा. कार्यालयातल्या पाट्या आणि नोटिसा कन्नडमध्ये असतात म्हणून आपली माणसं दारातूनच एजंटाचा हात धरतात. फॉर्मचे नंबर देशभर तेच आहेत. नंबर सांगून मागा, आणि कन्नड वाचणारं घरातलं कॉलेजचं पोर बरोबर न्या. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. मी पक्षकारांना नेहमी हेच सांगतो, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांची फाईल दोन-दोन वर्षं माझ्या टेबलावर पडून राहते.

आता दंडाचं. बिननंबरची गाडी पहिल्यांदा सापडली तर कायद्यात दोन ते पाच हजार रुपये, पुन्हा सापडली तर पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद. विमा नसल्याचा वेगळा गुन्हा. गाडी जप्त करून ठाण्यात नेता येते. पण तुम्हाला मी दंडासाठी अडवत नाही. दंड भरून माणूस घरी येतो.

आमच्याच भावकीतली गोष्ट आहे. काकांचा ट्रॅक्टर होता, नंबर होता, चालवणाऱ्याकडं लायसन्स होतं. विम्याची मुदत संपून थोडे दिवस झाले होते, सुगीच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिन्हीसांजेला उसाच्या वाटेवर एका सायकलवाल्याला धडक बसली. तो गेला. घरात त्याची बायको आणि लहान मुलं होती. दावा अपघात न्यायाधिकरणात गेला, भरपाई मंजूर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. विमा कंपनी नव्हतीच, म्हणून सगळी रक्कम घरावर आली. रस्त्याकडेची वीस गुंठे विकली. ती विक्रीची कागदपत्रं मी स्वतः तयार केली. काकांनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. त्या दिवसापासून विमा नसलेलं वाहन रस्त्यावर बघितलं की मला त्यामागं जमिनीचा तुकडा दिसतो. तुमच्या एटीव्हीला नंबर नाही म्हणजे थर्ड पार्टी विमाही नाही. म्हणजे त्या सात किलोमीटरवर तुमचे दोन एकर आणि ती दीड एकर काजू पणाला लागणार, रोज दोनदा.

डांबरी रस्त्यावर या गाड्या वागतातही वेगळ्या. त्यांच्या फुगीर टायरमध्ये हवा फार कमी असते, मोटारीत तीसच्या आसपास पीएसआय तर इथं पाच-सात. मातीत ते छान पकडतात, डांबरावर मात्र वळताना गाडी डुलते. बऱ्याच मॉडेलांत मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर असतात. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरायला हवं, ते होत नाही, आणि गाडी वळण्याऐवजी सरळ रेटते. शिनोळीच्या बाजूनं येणारे मालाचे ट्रक आठवा, आणि त्यात गुडघे दुखणारे वडील मागं बसलेले. पुष्कळ एटीव्ही एकट्या माणसासाठीच बनवलेल्या असतात. मागच्या रॅकवर बसवलेलं माणूस वजन मागं खेचतं आणि चढणीला पुढची चाकं उचलतात.

पुतण्याबद्दल मी कडक बोलणार आहे, राग मानू नका. अठरा वर्षांखालच्या मुलानं सार्वजनिक जागी गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ मध्ये पालक आणि वाहनमालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. पाणंदही सार्वजनिक आहे हे वर सांगितलंच. शेताच्या आतसुद्धा त्याला देऊ नका. बांधाच्या उतारावर ही गाडी एका कुशीवर येते तेव्हा चालवणारा खाली सापडतो, आणि तीनशे किलोंचं धूड छातीवर घेऊन पंधरा वर्षांचं पोर हाक मारू शकत नाही. ऑस्ट्रेलियात शेतांवर अशी इतकी माणसं दगावली की ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथं शेतकामाच्या नव्या क्वाड बाईकला मागं संरक्षक कमान बसवल्याशिवाय विकताच येत नाही. ज्यांची शेतं मैलोन् मैल सपाट आहेत त्यांच्यावर ही पाळी आली. आपले बांध, आपले उतार तुम्ही रोज बघता.

खानापूरच्या जंगलाचा बेत सोडून द्या. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही. राखीव जंगलातही वाट दिसली म्हणून गाडी घालणं गुन्हा आहे. आणि कायद्याचं बाजूला ठेवा. म्हादई तिथं उगम पावते, बारापेडेच्या गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं. पावसाळ्यात त्या ओल्या मातीत चार जाड टायरांनी जी चाकोरी पडते, तिचा पुढच्या पावसात ओढा होतो. ते जंगल आपलं आहे.

तर करायचं काय? आरसी नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: व्यवहार मोडा. मालकाला आजच व्हॉट्सॲपवर लिहून विचारा, ‘ही गाडी रस्त्यावर चालवायला पासिंग लागत नाही असं तुम्ही सांगितलं, त्यावर विसंबून मी विसार दिला. तसं लेखी द्या.’ तो जे उत्तर देईल ते जपून ठेवा. चुकीची माहिती देऊन करवून घेतलेला करार १८७२ च्या करार कायद्याखाली रद्द करता येतो, आणि विसार परत मागायला तुमच्याकडं कागद राहतो. बहुतेक माणसं लेखी प्रश्न आला की समजुतीवर येतात. चाळीसातले पाच-दहा हजार सोडावे लागले तरी सोडा.

गाडी ठेवायचीच असं ठरलं, समजा बांधाच्या आत फवारणीला आणि रताळ्यांची पोती ओढायला, तर मूळ बिल, आयात गाडी असेल तर कस्टमचे कागद, आणि चेसिस व इंजिन नंबर लिहिलेला विक्रीचा करार स्टँप पेपरवर घ्या. आरसी नसलेल्या गाडीची मालकी या कागदांवरच सिद्ध होते. उद्या ती चोरीची निघाली तर हेच तुम्हाला वाचवतील. शेतातून बागेत न्यायची तर छोट्या हत्तीत किंवा ट्रॉलीत चढवून, दोरानं बांधून न्या. फवारणीची टाकी अर्धी भरून उतारावर जाऊ नका, आतलं पाणी एका बाजूला गेलं की गाडीही जाते.

पण वडिलांच्या गुडघ्यांना या कशाचाच उपयोग नाही. सव्वादोन लाखांत जुनी, पण केए नंबरची, विमा चालू असलेली छोटी मालवाहू चारचाकी मिळते. तिच्यात वडिलांना दार उघडून बसता येतं, पावसात डोक्यावर छत असतं, आणि परतताना काजू घालून आणता येतात. हंगामात रताळी घेऊन थेट एपीएमसीलाही जाता येईल. एपीएमसीच्या बाजूला जुन्या गाड्या बघायला जाल तेव्हा वडिलांना बरोबर न्या. पायरीची उंची त्यांना चढून बघू द्या, मग किंमत ठरवा. आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स घेऊन माझ्याकडं या, सही करण्याआधी.